घाट चढून आलेला मासा घरी कसा टिकवावा?

चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या हुपरीत मासा दोन वाटांनी येतो. एक वाट जवळची आहे. पंचगंगा, दूधगंगा, राधानगरी आणि काळम्मावाडीची धरणं, गावोगावची तळी यांतून कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी मिळतात. दुसरी वाट लांबची. रत्नागिरी, देवगड, मालवणच्या बंदरांवर उतरलेला बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी हा माल आंबा, करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापुरात येतो आणि तिथून आसपासच्या गावांत पोहोचतो. समुद्र सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असल्यामुळे गाडीला एक रात्र पुरते.

बाजारात कुणी विचारतं, “मावशी, बांगडा कधीचा?” उत्तर येतं, “पहाटं उतरलाय बघा गाडीतनं.” उत्तर खरंच असतं, पण ते गाडीचं असतं, माशाचं नसतं. मोठी बोट समुद्रात काही दिवस राहून परतते. तिच्या पोटातल्या बर्फात पहिल्या दिवशीचा मासा असतो आणि शेवटच्या दिवशीचाही. मग बंदरावरचा लिलाव, खोक्यांत भरणी, घाटातला प्रवास, घाऊक बाजार आणि शेवटी आपल्या गावातली पाटी. गाडीतून पहाटे उतरलेला मासा त्या वेळी दोन दिवसांचा असेल किंवा सहा दिवसांचा. “मासा फ्रिजमध्ये किती दिवस टिकतो?” हा प्रश्न म्हणूनच अपुरा पडतो. माशाचं वय जाळ्यातून बाहेर आल्यापासून मोजायचं. आपण घरी आणतो ते त्याचे उरलेले दिवस. ते वाढवता येत नाहीत, फक्त जपून खर्च करता येतात.

मटण टिकतं, मासा का टिकत नाही?

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या मुलखात मटणाची पारख पिढीजात आहे, माशाची तेवढी नाही. मटणाचा हिशेब माशाला लावला की गडबड होते.

मारल्या गेलेल्या बकऱ्याच्या स्नायूंत साखरेचा बऱ्यापैकी साठा शिल्लक असतो. त्याचं आम्ल बनतं आणि त्या आंबटपणात जंतूंची वाढ मंदावते. मासा जाळ्यात तडफडून हा साठा संपवतो. त्याच्या मांसात आम्ल कमी तयार होतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय माशाचं मांस मऊ असतं, त्याला धरून ठेवणारे चिवट धागे कमी असतात. त्यात असंपृक्त चरबी असते, ती हवेशी संयोग पावून लवकर खवट होते. त्याच्या पोटातले पाचक रस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि आतून पोटच पचवू लागतात. तारलीचं पोट फुटलेलं दिसतं ते त्यामुळे.

वासाचंही तसंच आहे. समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं आणि त्याला स्वतःचा वास नसतो. जंतू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात तेव्हा ‘माशाचा वास’ म्हणून आपण नाक मुरडतो तो वास सुटतो. अगदी ताज्या समुद्री माशाला जेमतेम खारट, समुद्राच्या पाण्यासारखा वास येतो. कोकम, चिंच, लिंबू लावल्यावर वास कमी होतो, कारण आम्लाशी संयोग झाला की हे द्रव्य हवेत उडत नाही. वास दबला म्हणून जंतू गेले, असं मात्र होत नाही. मुशी आणि पाकटाच्या अंगात युरिया भरपूर असतो. त्यापासून अमोनिया बनतो, म्हणून हे मासे त्याच दिवशी संपवावेत. नदीच्या माशात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नगण्य असतं. त्याला येतो तो बहुधा मातकट वास, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा. तो शिळेपणाची खूण नाही.

बर्फाचा हिशेब

शून्य अंशाला मासा जितक्या वेगाने खराब होतो, त्याच्या सुमारे सव्वा दोन पट वेगाने तो ५ अंशांना आणि चौपट वेगाने १० अंशांना खराब होतो. घरच्या फ्रिजचं तापमान साधारण ४-५ अंश असतं, सारखं दार उघडणाऱ्या घरात त्याहून जास्त.

समजा, एखादा बांगडा चांगल्या बर्फात आठ दिवस खाण्याजोगा राहतो आणि त्यातले तीन दिवस तो हुपरीला येईपर्यंत गेले. राहिले पाच. तो नुसता फ्रिजच्या फळीवर ठेवला तर पाचाचे दोनच होतात. तोच बर्फात गाडून फ्रिजमध्ये ठेवला तर पाचातले बरेचसे हाती राहतात. मे महिन्याच्या उन्हात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत टाकला, तर तिथला एक तास ढोबळमानाने बर्फातल्या दिवसाएवढा महागात पडतो. कोल्हापूरहून किंवा इचलकरंजीहून मासा घेऊन वाटेत दोन कामं उरकत आलं, तर घरातल्या फ्रिजला करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

बर्फाची खरी ताकद त्याच्या वितळण्यात आहे. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. १ किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे माशाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका बर्फ तो थंड करण्यातच जातो. बाहेरची उष्णता थोपवायला वरचा बर्फ वेगळा. म्हणून आपल्या हवेत माशाइतकाच बर्फ हे प्रमाण धरतात. घरच्या घरी अर्धा किलो माशाला फ्रीझरमधला बर्फाचा एक ट्रे थंड करायला पुरतो, टिकवायला आणखी एक-दोन लागतात.

एक गंमत अशी की, बर्फात ठेवलेला रोहू-कटला अनेकदा समुद्राच्या माशापेक्षा जास्त दिवस तग धरतो. उबदार गोड्या पाण्यातल्या माशावरचे जंतू उबेला सरावलेले असतात, बर्फात त्यांचं फारसं चालत नाही. मात्र हा फायदा मासा पाण्याबाहेर आल्याबरोबर बर्फात गेला तरच मिळतो. ‘नदीचा आहे, आत्ताच धरलाय’ म्हणून दुपारपर्यंत उघड्या पाटीवर पडलेला कटला ही सवलत गमावून बसतो.

पाटीसमोर उभं राहून

हुपरीच्या कारागिराला चांदीचा टंच काढल्याशिवाय चैन पडत नाही. माशाचाही टंच काढता येतो आणि त्याला भट्टी लागत नाही. डोळा फुगीर आणि पारदर्शक हवा. खोल गेलेला, दुधी डोळा जुन्या माशाचा. कल्ले उचलून पाहावेत. आतली पाती लाल किंवा गुलाबी आणि ओलसर हवीत, तपकिरी आणि चिकट झालेली नकोत. बोटाने अंग दाबावं आणि बोट काढावं. खळगा लगेच भरून आला तर मांस अजून घट्ट आहे. पोट फुटलेलं नसावं, खवलं घट्ट बसलेली असावीत. कोळंबीचं डोकं धडाला पक्कं चिकटलेलं हवं. डोक्याजवळ काळे डाग पडू लागले असतील तर ते जंतूंचं काम नसतं. कापलेलं सफरचंद ज्या प्रकारच्या विकरामुळे काळवंडतं, तसंच विकर तिथे काम करत असतं. तरी वेळ बराच गेला आहे हे त्यावरून कळतं. खेकडा मात्र जिवंतच घ्यावा.

एका खुणेवर विसंबू नये. कल्ले तपकिरी, डोळे खोल, पण अंग ताठ आणि वास मुळीच नाही, असा विसंवाद दिसला तर तो मासा सोडून द्यावा. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या माशांत फॉर्मेलिन असल्याच्या तक्रारीवरून गोव्यात मोठं वादळ उठलं आणि राज्य सरकारने बाहेरून येणाऱ्या माशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली. फॉर्मेलिन हे मृतदेह टिकवायचं रसायन, अन्नात त्याला परवानगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने त्याच्या तपासणीसाठी साधा संच तयार केला आहे. माशावर कागदाची पट्टी फिरवायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि काही मिनिटांत रंग पाहायचा. एक खुलासा हवा: बोंबलासारख्या काही माशांत मेल्यानंतर थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं. त्यामुळे घरी बसून कुणावर आरोप करण्यापेक्षा अन्न व औषध प्रशासनाकडे नमुना देणं बरं.

मोसमाचंही भान हवं. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी लागते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे जूनच्या उत्तरार्धात आपल्याकडे दिसणारा समुद्री मासा देशाच्या पलीकडच्या काठावरून आलेला असू शकतो आणि त्याचे बर्फातले दिवस तितके जास्त झालेले असतात. या काळात तळ्यातला, धरणातला मासा घेणं शहाणपणाचं.

नदीच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळावं. पंचगंगेत, विशेषतः शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यापाशी, दूषित पाण्यामुळे माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. पाण्यातला प्राणवायू संपून गुदमरलेला, तरंगत वर आलेला मासा फुकट मिळाला तरी आणू नये. तो कशाने मेला आणि कधी मेला, दोन्ही ठाऊक नसतं.

घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास

बाजारात जाताना झाकणाचा स्टीलचा डबा किंवा थर्मासची पिशवी आणि थोडा बर्फ बरोबर न्यावा. मासा सगळ्यात शेवटी घ्यावा आणि सरळ घरी यावं.

घरी आल्यावर पोट आणि कल्ले काढून टाकणं हे पहिलं काम, कारण जंतूंचं आणि पाचक रसांचं आगर तिथेच असतं. खवलं काढून, पोटातली काळी त्वचा आणि कण्यालगतचं रक्त खरवडून मासा नळाच्या धारेखाली धुवावा. पातेल्यातल्या पाण्यात तुकड्या भिजत ठेवू नयेत. चव निघून जाते आणि मांस पाणी पितं. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने कोरडं करावं. शक्य असेल तर आदल्या रात्री तुकड्या करू नयेत. प्रत्येक कापासरशी जंतूंना नवा पृष्ठभाग मिळतो.

मग डब्यावर चाळणी ठेवायची. चाळणीत बर्फाचा थर, त्यावर पातळ स्वच्छ पिशवीत मासा, वर पुन्हा बर्फ आणि झाकण. वितळलेलं पाणी खालच्या डब्यात उतरतं, मासा त्यात पोहत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून बर्फ बदलला की फ्रिजच्या पाच अंशांतही मासा शून्याजवळ राहतो. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे सगळ्यात थंड असतो, दारातले कप्पे सगळ्यात गरम. मासा वरच्या ट्रेमध्ये ठेवायचा असेल तर डबा गळका नसावा, नाहीतर ते पाणी खालच्या दुधावर आणि कोशिंबिरीवर ठिबकतं. विळी, पाट, सुरी गरम पाण्याने आणि साबणाने धुतल्याशिवाय त्यावर काकडी-टोमॅटो चिरू नये. समुद्री माशावर येणाऱ्या व्हिब्रिओ जातीच्या जंतूंनी होणारी हगवण पुष्कळदा अशीच, न शिजणाऱ्या पदार्थांतून होते.

अशा रीतीने ठेवलेला मासाही एक-दोन दिवसांत संपवावा. मीठ-हळद-तिखट लावून ठेवलं की मासा टिकतो, हा समज अर्धाच खरा आहे. तळण्यापुरतं लावलेलं मीठ जंतूंना थोडं अडवतं, थांबवत नाही, आणि कोकमाचं आगळ फार वेळ राहिलं तर मांस भुसभुशीत होतं. मसाला लावलेला मासाही फ्रिजमध्येच हवा, ओट्यावर नको.

बांगड्याचं आणि सुरमईचं वेगळं पथ्य

खराब मासा बहुतेक वेळा वासाने स्वतःची चुगली करतो. एक धोका मात्र नाकाला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला तर काही जंतू त्याचं हिस्टॅमिन बनवतात. ॲलर्जी झाल्यावर आपल्या शरीरात जे द्रव्य सुटतं, तेच हे. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज येते, गांध्या उठतात, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. लोक म्हणतात, ‘मासा बाधला’ किंवा ‘मला बांगडा सोसत नाही’. पुष्कळदा दोष त्या माणसाच्या प्रकृतीचा नसतो, उन्हात गेलेल्या तासांचा असतो.

हिस्टॅमिन तळून, शिजवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. जंतू मेले तरी त्यांनी तयार केलेलं द्रव्य मांसात राहतं. मासा नंतर कितीही थंड ठेवला, तरी आधी उबेत गेलेली वेळ पुसली जात नाही. जाळ्यापासून हिशेब मांडायचा तो मुख्यतः यासाठी. बांगडा बर्फाशिवाय पाटीवर मांडलेला दिसला तर तो दिसायला कितीही चकचकीत असो, पुढे जावं. खाताना जिभेला चुरचुरलं किंवा मिरी चावल्यासारखी तिखट झणझण आली तर ताट बाजूला सारावं. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो, पण श्वास लागला किंवा चक्कर आली तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावू नये.

फ्रीझर: काय करतो, काय करत नाही

उणे १८ अंशांना जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. चरबीचं खवट होणंही हळूहळू चालूच राहतं. म्हणून बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत आणि रावस, पापलेट, रोहू यांसारखे मासे चार-सहा महिन्यांत संपवावेत. एकदारी फ्रिजच्या छोट्या कप्प्यात इतकी थंडी बहुधा नसते. तिथलं आइस्क्रीम दगडासारखं कडक राहत नसेल, तर त्या कप्प्याच्या भरवशावर मासा महिनोन्‌महिने ठेवू नये. आठ-पंधरा दिवस पुष्कळ झाले.

गोठण्याचा वेग महत्त्वाचा असतो. हळू गोठताना मांसातल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात; बर्फ सुटल्यावर सगळा रस गळून जातो आणि मासा चोथ्यासारखा लागतो. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी लॅब्रडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेले मासे शिजवल्यावर ताज्यासारखे लागतात हे पाहिलं आणि १९२० च्या दशकात त्यावरच झटपट गोठवण्याचा धंदा उभारला. आपल्या फ्रीझरला ती ताकद नसते, म्हणून आपण मासा पातळ करायचा. एका जेवणाच्या तुकड्या सपाट पिशवीत, एका थरात, हवा दाबून काढून ठेवाव्यात. एकावर एक पिशव्या रचू नयेत. आधी वेगवेगळ्या गोठू द्याव्यात. पिशवीवर तारीख लिहावी.

कोरड्या थंड हवेने गोठलेल्या मांसातलं पाणी उडून पांढरे, चामट डाग पडतात. त्यावर उपाय बर्फाचं कवच. गोठलेली तुकडी गार पाण्यात बुडवून लगेच परत फ्रीझरमध्ये ठेवली की तिच्यावर काचेसारखा पातळ थर बसतो. सोललेली कोळंबी आणि बारीक मासे तर डब्यात पाण्यात बुडवूनच गोठवावेत. बोंबील मात्र गोठवण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. बाहेर काढल्यावर त्याचा लगदा होतो.

बर्फ सोडवायचा तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून किंवा घट्ट पिशवीसकट गार पाण्यात ठेवून. ओट्यावर ठेवला तर आतला भाग दगड असतानाच बाहेरचा भाग उबेला लागतो. सुटलेला मासा पुन्हा गोठवू नये.

वीज गेली तर दार उघडू नये. मोठा, गच्च भरलेला फ्रीझर बंद दाराने सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, छोटा कप्पा त्याहून कमी, आणि खालचा फ्रिज जेमतेम चार तास. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना दिवसच्या दिवस वीज नव्हती. आपण घरात नसताना असं काही घडून गेलं का, हे कळायला सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवावं. परतल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. आतला मासा फेकून द्यावा.

किती घ्यायचा?

शिजवलेल्या माशालाही हेच नियम लागतात. कालवण दुसऱ्या दिवशी मुरून चांगलं लागतं हे खरं, पण ते रात्रभर चुलीवर राहिलेलं नसावं. शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये जावं, खाताना खळखळून उकळावं आणि दोन दिवसांत संपावं. त्याहून लांबच्या बेगमीला कोकणाने सुकट, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा ही सोय कधीच करून ठेवली आहे. वाळवणीत आणि मिठात जंतूंना लागणारं पाणीच राहत नाही. पावसाळ्यात मात्र सुक्या माशालाही दमट हवा लागली की बुरशी धरते, म्हणून तो कडकडीत उन्हं देऊन हवाबंद डब्यात ठेवावा.

समुद्राकाठच्या माणसाला उद्या पुन्हा ताजा मासा मिळतो. घाटावर तसं नसतं, म्हणून आपल्याला मिळाला की दोन किलो घेऊन ठेवायचा मोह होतो. पण घाटावरच्या माशाचे निम्मे दिवस वाटेतच गेलेले असतात, म्हणजे साठवायला तोच जास्त नाजूक. दोन जेवणांपुरता घ्यावा, एक त्याच दिवशी करावं, दुसरं बर्फात ठेवून उद्या. फ्रीझरमध्ये टाकायचा असेल तर तो घेतल्या दिवशीच टाकावा. दोन दिवस ‘बघू’ म्हणत फ्रिजमध्ये ठेवून, वास यायला लागल्यावर फ्रीझरकडे वळवलेला मासा तिथे शिळाच गोठतो आणि शिळाच बाहेर येतो.